गुरुवारच्या 'समोरासमोर'चा वर्ग ठरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. वर्गीकरण अधिकारी,
ध्वनिप्रक्षेपण परवाना कक्ष,
लिफ्टच्या उजव्या हाताचे दार.

विषय : आमच्या वस्ती रेडिओ केंद्राने रुग्णालयातून थेट प्रक्षेपित केलेल्या कार्यक्रमातील एका वाक्याचा वर्ग ठरवून मिळण्याबाबत, व तोवर केंद्र बंद न करण्याबाबत.

संदर्भ : १) केंद्राचा वर्ग 'राजकीय' ठरवणारे आपले पत्र. २) केंद्राचा वर्ग 'संगीत' ठरवणारे आपले पत्र. ३) खुलासा मागवणारी आपली नोटीस.

महोदय,

खाली सही करणारी मी, सदर केंद्राची प्रमुख, पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दोन माणसांना जोडून दिल्यावर मध्ये बोलायचे नाही, ही त्या नोकरीची शिस्त. या अर्जात मला मध्ये बोलावे लागत आहे, याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करते व पुढीलप्रमाणे सादर करते.

१. आमचे केंद्र लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत चालते. निवेदनाच्या मागे जो सुस्कारा ऐकू येतो तो खालच्या वाफेच्या इस्त्रीचा आहे. 'अनधिकृत ध्वनिपरिणाम' या शीर्षकाखाली त्याचा खुलासा पूर्वीच दिलेला आहे. सकाळी चष्मेवाले आपल्या जुन्या तबकड्या लावतात आणि कोणता ओरखडा कोणत्या पाहुण्याने पाडला तेही सांगतात. मग नर्सरीवाले झाडांच्या रोगांवर बोलतात. श्रोते पानावरचे ठिपके फोनवरून वर्णन करतात. दुपारी या शहरात नव्याने आलेल्या बायका आपापल्या भाषेत गातात आणि मधल्या वेळात दुकानदाराशी घासाघीस कशी करायची ते एकमेकींना शिकवतात. संध्याकाळी वॉर्ड समितीची बैठक, नाहीतर रुग्णालयातल्या वॉर्डबॉय मंडळींचा बँड. झोपायच्या वेळी पाळणाघरवाल्या काकूंच्या अंगाया. आणि दर गुरुवारी 'समोरासमोर' ही राजकीय चर्चा. इतकी सरमिसळ का, असे आपण विचारले होते. ज्याला जे येते तो ते करतो, याहून वेगळे धोरण आमच्याकडे नाही.

२. 'समोरासमोर'मध्ये दोनच वक्ते असतात. एक निवृत्त बस कंडक्टर, दुसरे चौकातले दातांचे डॉक्टर. डॉक्टरांची थोरली बहीण कंडक्टरांना दिलेली आहे. वस्तीत तिला सगळे ताई म्हणतात. काही वर्षांपूर्वी डॉक्टर वॉर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा कंडक्टरांनी आपल्या, म्हणजे ताईंच्याच, घराच्या खिडकीत समोरच्या उमेदवाराचे पोस्टर लावले. डॉक्टर पडले. पोस्टरमुळे पडले असे डॉक्टर सोडून कोणीही म्हणत नाही. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद झाले. भाऊ आला की नवरा चपला घालून बाहेर; नवरा घरात असला की भाऊ जिन्यावरूनच माघारी.

३. एके दिवशी ताई केंद्रावर आल्या. त्या म्हणाल्या, की दोघांनाही बोलायची भारी हौस आहे, फक्त एकमेकांशी नाही. तुमच्याकडे माइक आहे, त्याच्याशी तरी बोलतील. मी विचारले, कशावर बोलतील? त्या म्हणाल्या, "कशावरही भांडू देत. दोघं एका खोलीत आहेत एवढं मला ऐकू आलं की पुरे." अशा रीतीने सदर कार्यक्रम सुरू झाला. दोघे वेगवेगळ्या वेळी जिना चढत, टेबलाच्या दोन टोकांना बसत, एकमेकांना 'समोरचे वक्ते' म्हणत आणि पाणीपट्टीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत एकमेकांची सालटी काढत. लाल दिवा विझला की वेगवेगळे उतरत. ताई तो वेळ स्वयंपाकघरातल्या रेडिओजवळ बसत. त्या वेळेत फोडणी द्यायची नाही, असा त्यांच्या घरचा नियम झाला होता.

४. परवान्याच्या नूतनीकरणासाठी आपले पहिले निरीक्षक आले तो गुरुवार होता. त्यांनी 'समोरासमोर' ऐकली आणि केंद्राचा वर्ग 'राजकीय' ठरवला. नियमानुसार राजकीय केंद्राने प्रत्येक मताला तेवढ्याच वेळेचे विरोधी मत द्यायचे असते. आम्ही तंतोतंत पालन केले. नर्सरीवाल्यांनी उद्या पाऊस येणार म्हणून सांगितले की लॉन्ड्रीवाले वर येऊन, येणार नाही म्हणून सांगत. लॉन्ड्रीवाल्यांचा अंदाज जास्त वेळा बरोबर निघाला. हल्ली लोक कपडे वाळत घालण्याआधी विरोधी मत ऐकून घेतात. अंगाईला विरोध करण्यास कोणी मिळेना, तेव्हा बँडने ती जबाबदारी आनंदाने उचलली. त्यावर मातांनी फोनवरून जे सांगितले ते येथे लिहिता येत नाही. निधनवार्तेला विरोधी मत मिळाले नाही. तो वेळ आम्ही कोरा सोडला.

५. म्हणून आम्ही वर्ग बदलून मिळावा असा अर्ज केला. आपले दुसरे निरीक्षक आले ते सकाळी. चष्मेवाल्यांची तबकडी फिरत होती. निरीक्षकसाहेबांनी डोळे मिटून ती पूर्ण ऐकली, चहा घेतला, दुसरी लावायला सांगितली आणि जाताना वर्ग 'संगीत' ठरवला. म्हणजे संगीताखेरीज काहीही प्रक्षेपित करायचे नाही. याचेही पालन झाले. पाणी उद्या उशिरा येईल, ही सूचना बायकांच्या गायन मंडळाने विलंबित लयीत घेतली; त्या समेवर येईपर्यंत पाणी येऊन गेले होते. नर्सरीवाल्यांनी मावा किडीवरचा उपाय चालीत बसवून दिला, पण औषधाचे प्रमाण तालात बसेना म्हणून बदलावे लागले आणि काही झाडे दगावली.

६. 'समोरासमोर'देखील गाऊन सादर करता येईल काय, हे मी दोन्ही वक्त्यांना स्वतंत्रपणे विचारले. कंडक्टर तयार होते. जन्मभर थांब्यांची नावे पुकारून त्यांचा आवाज तापलेला आहे. डॉक्टर म्हणाले, "मी लोकांना तोंड उघडायला सांगतो. स्वतःचं उघडून गाणार नाही." कार्यक्रम बंद पडला. त्या वेळेला आम्ही तबकडी लावू लागलो. पहिल्याच गुरुवारी ताईंचा फोन आला. त्यांनी काही तक्रार केली नाही. गाणे चांगले आहे म्हणाल्या आणि फोन ठेवला.

७. त्यानंतर थोड्याच दिवसांत कंडक्टरांना अर्धांगाचा झटका आला. वाचा राहिली, थोडी जड झाली. उजवा हात मात्र गेला. मी रुग्णालयात भेटायला गेले तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर डॉक्टर बसलेले दिसले. दवाखाना बंद ठेवून रोज येतात, नर्सला ताप, रक्तदाब विचारतात, औषधांच्या चिठ्ठ्या डोळ्यांखालून घालतात आणि तिथूनच परत जातात, असे कळले. आत कंडक्टर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाहेर कोण बसले आहे ते त्यांना ठाऊक होते. नर्स दार उघडायची तेव्हा बाक दिसे.

८. ताईंनी मला जिन्याजवळ गाठले. त्या रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, "आत ये म्हटलं, तर म्हणतो आत येऊन बोलू काय? ह्यांना म्हटलं हाक मारा, तर म्हणतात त्याला गरज असेल तर येईल. कार्यक्रम चालू असता तर दोघं बोलले असते." एवढेच बोलून त्या डबा धुवायला नळावर गेल्या.

९. पुढच्या गुरुवारी मी आपल्या आदेशाचा भंग केला. तो समजून उमजून केला, अनवधानाने नव्हे. आमचा वायरमन उपकरण पिशवीत घालून घेऊन आला. वॉर्डातल्या मुख्य नर्सची तोंडी परवानगी घेतली. चर्चेत आवाज चढवायचा नाही, या अटीवर तिने ती दिली. मग मी बाकापाशी जाऊन डॉक्टरांना सांगितले, की कार्यक्रमाची वेळ झाली आहे आणि समोरचे वक्ते आत तयार आहेत. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले, शर्टाची कॉलर सारखी केली आणि माझ्यामागून आत आले. खुर्ची खाटेपासून लांब ओढून घेतली. कंडक्टरांनी मान वळवली. वायरमनने बोट वर केले आणि प्रक्षेपण सुरू झाले.

१०. विषय बसचा थांबा हा होता. पूर्वी तो रुग्णालयाच्या दारात होता, आता वळणापलीकडे नेला आहे. कंडक्टरांनी सावकाश, शब्द जुळवत मांडले, की थांबा हलवणाऱ्यांनी आजारी माणूस चालताना पाहिलेला नसावा. डॉक्टरांनी दारातली कोंडी आणि रुग्णवाहिकांची अडचण मांडली. त्यांचे म्हणणे बिनचूक होते. कंडक्टरांना राग येण्याइतके बिनचूक. मध्ये नर्सने रक्तदाब घेतला आणि आकडा मोठ्याने सांगितला. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी, आपण दोघांच्याही विरोधात आहोत, असे जाहीर केले व ते पुन्हा झोपले.

११. मग कंडक्टर एका वाक्याच्या मध्येच अडकले. शब्द येईना. 'समोरासमोर'मध्ये समोरचा अडखळला की दुसऱ्याने लगेच मुसंडी मारायची, हा दोघांचा जुना रिवाज आहे आणि डॉक्टर त्यात जास्त तरबेज आहेत. ते गप्प राहिले. मी गाणे तयार ठेवले होते. रेडिओवर शांतता पडू द्यायची नसते, हे मला कळते. माझा हात बटणावर होता. मी ते दाबले नाही. तेवढ्यात डॉक्टरांची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज झाला आणि ते म्हणाले,

"भावजी, तुमची दाढी कोण करतं हल्ली?"

१२. कंडक्टर म्हणाले, "कोण करणार? डाव्या हाताला सवय नाही." डॉक्टर म्हणाले, उद्या सामान घेऊन येतो. कंडक्टर म्हणाले, "ये. पण थांब्याचा मुद्दा टाळू नकोस." यानंतर बराच वेळ फक्त वॉर्डातला पंखा प्रक्षेपित झाला. ताई दाराशी उभ्या होत्या. हातातला डबा त्यांनी खाली ठेवला नाही आणि आतही आल्या नाहीत.

१३. आपली नोटीस यथावकाश पोचली. 'संगीत' वर्गातील केंद्रावरून हे प्रक्षेपण कसे झाले, त्यातील प्रत्येक वाक्य कोणत्या वर्गात मोडते आणि जे कोणत्याच वर्गात मोडत नसेल ते पुढे कसे वगळणार, याचा वाक्यवार तक्ता आपण मागवला आहे. तो सोबत जोडला आहे. थांब्याविषयीची सर्व वाक्ये 'राजकीय' लिहिली आहेत. रक्तदाब 'माहिती'. शेजारच्या गृहस्थांचे घोरणे, चष्मेवाल्यांचा सल्ला घेऊन, 'संगीत' लिहिले आहे. लय होती असे त्यांचे मत पडले. दाढीविषयीच्या वाक्यापुढचा रकाना मात्र मला भरता आला नाही. राजकीय म्हणावे तर त्यात पक्ष नाही. माहिती म्हणावी तर ती डॉक्टरांना डोळ्यांनी दिसतच होती. मनोरंजन खासच नाही, कारण त्या वेळी रेडिओ लावून बसलेल्या लॉन्ड्रीवाल्यांनी एक पँट जाळली आणि ग्राहकानेही त्यांना काही म्हटले नाही. सबब, सदर वाक्याचा वर्ग आपण ठरवून द्यावा. ते पुढे वगळण्याची हमी मी देऊ शकत नाही. ते पुन्हा केव्हा आणि कोणाच्या तोंडून निघेल, याचा अंदाज आमच्या वेळापत्रकात नाही. आमचे सर्व कार्यक्रम मिळून एकच काहीतरी आहे, असे मला वाटते. ते काय आहे हे सांगणारा शब्द आपल्या यादीत नाही आणि माझ्याकडेही नाही.

१४. वस्तुस्थिती पूर्ण कळावी म्हणून पुढचेही नमूद करते. कंडक्टर घरी आले आहेत. डॉक्टर रोज सकाळी दवाखान्याआधी त्यांची दाढी करतात. तोंडाला फेस असल्यामुळे कंडक्टरांना बोलता येत नाही. डॉक्टर त्या अवधीत आपली बाजू संपूर्ण मांडून घेतात. टॉवेलने तोंड पुसले की कंडक्टरांचे उत्तर सुरू होते. ते संपत नाही म्हणून डॉक्टर संध्याकाळी पुन्हा येतात. सुट्टीच्या दिवशी डॉक्टर तिथून उठतच नाहीत. आवाज कमी करा म्हणून शेजाऱ्यांनी दोनदा दार वाजवले.

१५. या परिस्थितीत ताई गेल्या आठवड्यात केंद्रावर आल्या आणि 'समोरासमोर' कायमचा बंद करावा, अशी लेखी विनंती देऊन गेल्या. घरात दिवसभर तेच चालते, निदान गुरुवारी तेवढा वेळ रेडिओवर तरी कोणी बोलू नये, काहीही चालेल पण गाणे लावावे, असे त्यांचे म्हणणे आहे. केंद्राने ही विनंती मान्य केली आहे. त्यामुळे आठवड्यातील हा एक तास निर्विवादपणे 'संगीत' आहे, असे मी आपल्या कार्यालयास प्रथमच खात्रीपूर्वक कळवू शकते. उरलेल्या तासांबद्दल आपल्या मार्गदर्शनाची वाट पाहत आहे.

आपल्या निर्णयाच्या अधीन राहून, तूर्त प्रक्षेपण चालू ठेवणारी,

(सही)
केंद्रप्रमुख, वस्ती रेडिओ केंद्र,
लॉन्ड्रीच्या वर.
दिनांक : आपल्या पोच-शिक्क्याप्रमाणे.

सोबत :
१) वाक्यवार तक्ता, एक रकाना कोरा.
२) ताईंचा विनंती अर्ज.
३) ध्वनिमुद्रणाची प्रत. शेवटाकडची शांतता हा मुद्रणातला दोष नाही. कृपया पुढे सरकवू नये.