मशेरी आणि एक रेघ

आई, परवा तुझ्या मशेरीनं माझा जीव टांगणीला लावला. तुला वाचता येत नव्हतं, मला चौथीपुरतं येतं. तिकडं कोण वाचून दाखवील ते तुझं तू बघ.

आम्ही अजून जयपुरातच. चारदीवारीतल्या बोळात तुझ्या जावयाचं तेच गलाईचं दुकान, जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, आणि वर आमची खोली. मागं त्यांचा ताप हटेना, अंगावरचं मांस उतरलं, आणि रक्तात एचआयव्ही निघाला. कुठून आणला, एवढंच मी विचारलं. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी भांडी आपटली, तोंडाला येईल ते बोलले, आणि मग भाकऱ्या थापायला बसले. औषध घ्यायचं तर पोटात काहीतरी हवं ना. त्यांना त्यांच्या गोळ्या चालू झाल्या, आणि मला लागण होऊ नये म्हणून माझी रोजची वेगळी गोळी. पण गोळी घेते म्हणून तपासणी काही सुटत नाही, ती पुन्हा पुन्हा करावीच लागते. या बोळात आपल्या तालुक्यातली किती माणसं आहेत! दवाखान्याच्या रांगेत एक जरी भेटली तर मी घरी यायच्या आत बातमी गावाला. म्हणून मधल्या तपासणीला या आजाराचं काम करणाऱ्या संस्थेची दीदी घरीच करायची पेटी देते. पट्टी वरच्या-खालच्या हिरडीवरून फिरवायची, नळीतल्या पाण्यात उभी करायची आणि वाट बघायची. एक रेघ आली तर बरं. दोन आल्या तर दवाखाना.

परवा पट्टी हातात घेतली, दीदी फोनवर. "कुछ खाया-पिया तो नहीं?"

"कुछ नहीं. पानी भी नहीं."

पट्टी नळीत उभी करून कुकर लावला, तो गार झाला, तरी पट्टी कोरी. एकही रेघ नाही. कोरी म्हणजे काय समजायचं बाईमाणसानं?

"मतलब टेस्ट बेकार गया," दीदी म्हणाली. "मुँह में कुछ था क्या?"

"अरे, बोला ना, कुछ नहीं था!"

तेवढ्यात खाटेवरून तुझा जावई म्हणतो, "अगं, सकाळची मशेरी?"

"मशेरी काय खातात का?" मी त्यांच्यावरच खेकसले. पण बोट काळं होतं, हिरड्या काळ्या होत्या. दीदी आधी हसली, मग म्हणाली, शायद उसी से. कल नया लाती हूँ.

उद्यापर्यंत काय करायचं? तुझी मशेरीची डबी हातात घेऊन बसले, उघडली नाही. आपल्या गल्लीतली ती लेक आठवली, हाच आजार घेऊन नवऱ्याघरून परत आलेली. घरचे तिचा कप भिंतीवर वेगळा ठेवायचे. तू उंबऱ्यावर बसून मशेरी लावतीयस. ती पायरीवर येऊन बसते, तू डबी पुढं करतेस. ती हात लांब धरून म्हणते, "वरून टाका, काकू."

"बोट घाल की. डबी काय देवाची हाय व्हय?"

शेजारीण म्हणाली, "आता तूच मरशील बघ."

"मरंन. दात घासून मरंन." ती पोरगी हसली होती, आई. तिला हसताना मी तेवढंच बघितलं.

दुसऱ्या दिवशी मशेरीवाचून डोकं ठणकत होतं, पण लावली नाही. पट्टी फिरवली. तुझा जावई भिंतीकडं तोंड करून उभा. "आली का रेघ?"

"गप बसा." रेघ कधीच आली होती. एकच, असायची तिथंच. पण मी त्यांना तसंच उभं ठेवलं. राहू दे म्हटलं थोडं. मग त्यांची पाठ थरथरायला लागली तेव्हा म्हटलं, "मला काही नाही झालं. चहा टाका आता." पातेल्यात पाणी ओतता ओतता ते रडत होते. साखर विसरले. तो चहा मी तसाच प्यायले.

दीदीनं बजावलंय, गोळी चुकवायची नाही, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा रक्तही द्यायचं. मशेरी सोडीन असं तिला कबूल केलंय. सोडत नाही. तपासणीच्या सकाळी तेवढी लावणार नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तू जिवंत असतीस तर तुझ्यापासूनही लपवलं असतं. उंबऱ्यावर बसून तू डबी पुढं केली असतीस, आणि लागण नसतानाही मी त्या पोरीसारखंच म्हणाले असते, वरून टाक.