सून हाइके हिच्या नावे, दोन भाषांत

मी, श्रीमती लतिका गोपाळकृष्ण दिघे, वय ७८, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टर नम्रता यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे सोपे नाही, हे नातेवाइकांना चांगले माहीत आहे.

१. माझे यजमान हयात नाहीत. एकुलता मुलगा सुश्रुत जर्मनीत ब्रेमेनला नोकरीस होता. चार वर्षांपूर्वी तो तिथेच वारला. त्याला मूलबाळ नाही. मागे राहिली त्याची पत्नी हाइके, ती जर्मन आहे. इंग्रजी आम्हा दोघींनाही येते, पण ते ना तिचे ना माझे. म्हणून लग्न झाल्यावरच मी ठरवले, की सुनेला तिच्या भाषेत लिहायचे. त्यासाठी तीन शब्दकोश घेतले.

२. पेणचे राहते घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. ते मी माझी सून हाइके हिला देत आहे. परदेशी बाईला वारशाने घर मिळू शकते का, हे ॲडव्होकेट आसावरी यांनी तपासले आहे. मिळू शकते. माझा पुतण्या विराज याने सुश्रुतच्या तेराव्याला, भरल्या पंगतीत, "काकू, आता ती आपली कोण लागते?" असे विचारले होते. तेव्हा मी पुढच्या पानावर भात वाढायला गेले. उत्तर आता वर लिहिले आहे.

३. रोह्याच्या वाडीतला, यजमानांकडून मला आलेला हिस्सा विराजला द्यावा. शिवाय माझा जाडजूड मराठी–इंग्रजी शब्दकोशही त्यालाच द्यावा. त्यात त्याने 'सून' हा शब्द काढावा आणि 'मुलगा असेपर्यंतच' असे कुठे छापले आहे ते शोधावे. सापडल्यास आसावरीला दाखवावे, मी नसेन. उरलेले दोन कोश, इंग्रजी–जर्मन आणि जर्मन–मराठी, याच घरात, याच टेबलावर राहू द्यावेत.

४. कोशांबद्दल जरा सविस्तर, कारण विराज त्यांना रद्दी म्हणतो. माझी रीत अशी. मराठीवरून इंग्रजी शब्द, इंग्रजीवरून जर्मन, आणि मग तो जर्मन शब्द तिसऱ्या कोशात उलटा तपासायचा. फिरून आपल्याच मराठी शब्दापाशी आला तर लिहायचा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. एकेक पत्र आठवडाभर चालायचे. विराज म्हणतो, "काकू, मोबाईलवर सेकंदात होतं." होत असेल बाबा! मोबाईल एक शब्द फेकून मोकळा होतो. कोश पाच-सहा पुढ्यात टाकतो आणि म्हणतो, बघ तुझं तू. सुनेला कोणता शब्द द्यायचा ते सासूने ठरवायचे, मोबाईलने नाही. अर्थात कोशही काही फार शहाणे नसतात. वालासमोर 'एक प्रकारचे कडधान्य', बस्स! पेणच्या बाजारात उभे राहून असे म्हणून दाखवा म्हणावे.

५. खरी भानगड 'आभार' या शब्दाने केली. तो तिन्ही कोशांत व्यवस्थित आहे, सरळ जातो, सरळ परत येतो. हाइके दर वर्षी मला लोकरीचे मोजे विणून पाठवायची. पेणच्या उकाड्यात! तरी मी ते घालून बसायचे. पत्रात तिची तब्येत, जेवणखाण, सगळे विचारायचे. आभार मात्र कधी मानले नाहीत. घरच्या माणसाचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही.

सुश्रुत गेल्यानंतर मी तिला पोह्याचे पापड पाठवले. तिने तिच्याकडच्या कोशातून एकेक अक्षर उतरवून देवनागरीत लिहिले, 'मी तुमची आभारी आहे.' माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलगा गेला, लगेच मी परकी झाले काय? मी पत्रे बंद केली. तिकडे तिची समजूत अशी, की इतक्या मोज्यांबद्दल साधे आभार न मानणाऱ्या सासूने तिला कधी आपली मानलेच नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात ती न कळवता दारात उभी. हातात कोश. शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "आई, आमच्याकडे आभार नाही, म्हणजे राग."

"आणि आमच्याकडे आभार, म्हणजे राग," मी म्हणाले.

आम्ही दोघी भरपूर रडलो. गिरजाबाई मला गागोद्याहून वाल आणून देते आणि बसून सोलूनही देते. ती तिथेच होती. म्हणाली, "दोगींचा राग झाला आसंल तर हात लावा गो बायांनो, वाल तसंच पडल्यात." मग तिघींनी मिळून वाल सोलले. हाइके अजून दर उन्हाळ्यात येते.

६. पितळेची मोठी परात गिरजाबाईला द्यावी. "ती गोरी बाय कवा येनार हाय?" असे तीच मला दर वर्षी विचारते. आमच्या नात्यातल्या कोणी कधी विचारलेले नाही.

७. मृत्युपत्राच्या दोन प्रती आहेत, एक ही आणि एक जर्मन. जर्मन प्रत मीच, तिन्ही कोश घेऊन, वर सांगितलेल्या रीतीने केली आहे. दोन्हींत फरक आढळल्यास मराठी प्रत ग्राह्य धरावी असे लिहा, असा आसावरीचा आग्रह होता. मी ऐकले नाही. फरक आढळल्यास जर्मन प्रतच ग्राह्य धरावी. हाइकेला ती जशी समजेल, तोच माझा अर्थ.

एक फरक मी आताच सांगून ठेवते. जर्मन प्रतीत शेवटी एक शब्द जास्त आहे. मराठीत तो मी हाइकेला लिहिणार नाही, ती घरची आहे. तो चुकून पडला असे समजून कोणी खोडू नये.

सही: लतिका गोपाळकृष्ण दिघे
पेण, दि. ११ जानेवारी २०२६

साक्षीदार: आम्ही खाली सही करणारे लिहून देतो, की बाईंनी दोन्ही प्रतींवर आमच्यासमोर सही केली व आम्हीही त्यांच्यासमोर केली. जर्मन प्रत त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. आम्हांस ती भाषा समजत नाही. शेवटच्या शब्दापाशी बाई थांबल्या, पाणी मागून घेतले, आणि मग तो वाचला.

१. दिनानाथ पाटील, शेजारी, पेण
२. डॉ. नम्रता वैद्य, रोहा