चौकातल्या यंत्राभोवतीची हवा

सौ. मुलांच्या आईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा दमा कसा आहे? सूनबाईचे पाय अजून सुजतात का? नातीचा दात पडला, की अजून जिभेने ढकलतेच आहे? मी ठणठणीत आहे. थोडा खोकला आहे, पण तो इथे सगळ्यांनाच असतो.

थोरल्याने तुला मोबाइलवर हवेतल्या प्रदूषणाचा आकडा दाखवला म्हणे, "आई, बाबांकडची हवा आपल्यापेक्षा चांगली!" आणि तू लगेच बोचकं बांधायला घेतलंस. मीही खोलीला चुना दिला, दुसरी खाट आणली. पण मन खात होतं, म्हणून लिहितो.

तो आकडा मोजणारं यंत्र चौकात आहे, आणि माझा पाण्याचा टँकर दिवसभर त्याच्याभोवतीच पाणी मारत फिरतो. तिथली धूळ बसली की आकडा उतरतो. मी मुकादमाला म्हटलं, "मागच्या गल्लीतही पाणी मारू का? तिथे कचरा जळतो, माणसं खोकून बेजार आहेत." तर म्हणाला, "काका, गल्लीत यंत्र आहे का? मग डिझेल कशाला जाळता?" सगळे हसले. मीही हसलो.

आपली खोली त्याच गल्लीत आहे गं. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी पुन्हा पुसली, की फडकं काळं होतं.

तेव्हा इतक्यात येऊ नकोस. इतकी वर्षं ये, ये म्हणणारा मीच आता नको म्हणतोय. रागावलीस तर रागानेच लिही, पण लवकर लिही.

तुझाच,
मुलांचा बाबा