अर्धं बोनेट

आबा, धुळ्याला जाऊन आलो. तुम्ही ज्या आग्रा रोडवर ट्रकांच्या फाळक्यांना रंग दिला, त्याच रोडला लागून एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन दिवसांचा वर्ग होता. गाडीचा रंग घासून-पुसून आरशासारखा कसा करायचा ते शिकवतात. त्याला आता डिटेलिंग म्हणतात. तुम्ही हसाल, की जन्मभर रंग मारत आलेला माणूस सत्तरीला टेकल्यावर शाळेत जाऊन बसला. मलाही हसू यायला हवं होतं. पण सध्या हसू काय नि रडू काय, दोन्ही वाटेतच कुठे उतरून जातात. दाताचा डॉक्टर भूल देऊन दात काढतो ना, ओढलेलं समजतं, दुखलेलं समजत नाही, तसं माझं चाललंय. जेवतो, झोपतो, कुणी बोललं तर बोलतो. भाजी तिखट झाली की अळणी, ते दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून कळतं.

तुमचा नातू गेला, आबा. तुम्ही गेलात तेव्हा तो तुमच्या चपला घालून ओट्यावर फटफट चालायचा, तोच. फाल्गुनात एका सकाळी उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. एवढंच म्हणाले, आणि मीही पुढे काही विचारलं नाही. विचारून काय करणार होतो?

आपला कारखाना अजून जळगावातच आहे, असोद्याच्या रस्त्याला. ठोकाठोक आणि रंग माझ्याकडे, पॉलिशचं काम त्याचं. ते त्यानेच सुरू केलं होतं. मशीन आणलं, तऱ्हेतऱ्हेचे पॅड आणले, मऊ कापडांच्या चळती आणल्या. मी त्या मशीनला कधी हात लावला नाही. आपल्या वेळचा रंग जाड होता, हाताने कंपाउंड चोळलं तरी सोसायचा. आताच्या गाडीवर वरचा पारदर्शक थर कांद्याच्या सालीएवढा; मशीन एका जागी जरा जास्त थांबलं की जळालाच. त्याच्या शेवटच्या दिवशी कारखान्यात एक काळी गाडी होती, असोद्याच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची. पोराने बोनेटच्या मधोमध कागदी टेप लावली आणि ड्रायव्हरकडची बाजू करून दाखवली. नमुना म्हणून तसंच करतात. अर्धं चकचकीत, अर्धं जुनं, म्हणजे गिऱ्हाइकाला फरक दिसतो. मालक संध्याकाळी आला, वाकून बघितलं, स्वतःच्या मिशा त्यात दिसल्या म्हणून खूश झाला आणि म्हणाला, "बस, अस्संच दुसऱ्या बाजूला बी करा." उद्या करतो, असं पोराने सांगितलं.

ती गाडी तशीच उभी राहिली. दहाव्याला मालक येऊन बसून गेला, गाडीकडे त्याने मान वळवून पाहिलं नाही. पुढे फोनवर म्हणाला, "भाऊ, काही घाई नाही. केळीच्या बागेत काय गाडीनं जातात का?" भला माणूस. पण माणूस कितीही भला असला तरी त्याची गाडी किती दिवस अडकवून ठेवायची? शेजारच्या गॅरेजवाल्याने मनापासून सांगितलं, "दादा, इकडे लावा, अख्खं बोनेट एका दमात काढून देतो." त्याचं काहीच चूक नव्हतं. तो अख्खंच करणार. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात तर दुसरा माणूस पहिल्यापासूनच घासणार. म्हणजे पोराची बाजूही घासणार. मी त्याला म्हणालो, बघू. आणि गाडीवर ताडपत्री टाकली. आता सांगा, ती डावी बाजू एकटी कोण करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून यायचं?

अशात धुळ्याहून फोन आला. पोराने या वर्गात जागा धरून ठेवली होती. फोन सूनबाईने घेतला. ऐकता ऐकता ती स्वयंपाकघरातून ओट्यावर आली, फोनवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, त्या बाई विचारताहेत, येणार ना म्हणून."

"कोण?"

"तेच ना. कोण येणार."

तिच्या हाताला कणीक लागलेली होती, ती फोनला लागली. मी म्हणालो, "मी येतो म्हणून सांग." कोण बोललं माझ्या तोंडून, देव जाणे. सूनबाईने मग त्या बाईंना काय घडलं ते सांगितलं आणि पोराच्या जागी माझं नाव लिहायला लावलं.

पहाटेची एसटी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. तुमच्यासोबत याच रस्त्याने जायचो तेव्हा खिडकीसाठी मी भांडायचो. आता खिडकी मिळाली होती आणि बाहेर काय होतं ते आठवत नाही. शिकवणारी बाई सूनबाईच्याच वयाची, डोक्याला रुमाल बांधलेला, बोलायला फटकळ. शिकायला आलेली पाचसहा जणं, सगळी माझ्या निम्म्या वयाची. मुक्ताईनगरचा एक जाडजूड गडी होता. मला बघून म्हणतो, "काका, शिकायला आले का आमची परीक्षा घ्यायला आले?"

मी म्हणालो, "बाबा, परीक्षा घ्यायला पास झालेला माणूस लागतो." मग जेवणाच्या वेळी तो माझ्याच शेजारी बसला आणि सूनबाईने दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर अर्धी खाऊन गेला. शेवभाजी मागवली होती. सगळे नाक ओढत होते, पाणी पाणी करत होते. मी आपला खात होतो. तो म्हणे, "काका, तुमची जीभ का लोखंडाची?"

पहिल्या दिवशी बाईने धुतलेल्या दारावरून हात फिरवायला लावला, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून. उघड्या हाताला गुळगुळीत लागतं ते पिशवीतून खरखरीत लागतं. रंगात रुतलेली धूळ बोलायला लागते. बाकीचे चकित झाले. मी झालो नाही, कारण मला तुम्ही दिसत होता. मलमलीच्या फडक्यात हात घालून तुम्ही फाळक्यावरून हळू हळू नेताय, डोळे मिटलेले, आणि मी बाजूला रंगाचा डबा धरून उभा. मी म्हणतो, आबा, दिसतंय की चांगलं. आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणता, "डोया लबाड शे रे, हात नही." त्या दिवशी तुम्ही मला अख्खा फाळका पुन्हा घासायला लावला होता. रागावला नाहीत. फक्त घासायचा कागद माझ्या हातात दिला आणि पाणी प्यायला निघून गेलात. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं वाटलं होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी खऱ्या गाडीवर काम. काळीच गाडी होती, बाईची स्वतःची. प्रत्येकाला एक एक भाग. मला मागचं दार आलं. आधी रंगाची जाडी यंत्राने मोजायची, मग मशीन. दाब किती द्यायचा, कुठून उचलायचं, पॅड कधी साफ करायचा, ती मागे उभी राहून सांगत होती. मला जमलं. खोटं कशाला बोलू, पहिल्या खेपेलाच जमलं. दार असं झालं की शेडच्या पत्र्याचे खिळे त्यात दिसत होते. बाई म्हणाली, "वा काका!" आणि पुढच्या माणसाकडे वळली.

आणि माझा हात खांद्यावर गेला. मी ठरवून नेला नाही. काम संपलं की खांद्यावरचा पंचा काढायचा आणि गाडीला शेवटचा हात द्यायचा, ही आपली रीत. तुम्हीच लावलेली. गावातल्या एका डॉक्टरांची पांढरी अँबेसेडर रंगवून झाली तेव्हा मी म्हटलं होतं, आबा, पुसलंय की सगळं. तुम्ही खांद्यावरचा पंचा माझ्या अंगावर टाकलात. "पोर सासरे चालनी, तोंड पुसी दे." तेव्हापासून आपल्या दारातून एकही गाडी पंचा फिरवल्याशिवाय गेलेली नाही.

"ओ काका! थांबा, थांबा, थांबा!"

तिने हातातला दिवा आणून दारावर धरला. उजेडाभोवती बारीक ओरखड्यांचं जाळं पसरलेलं, कोळ्याने विणावं तसं. साध्या उजेडात दिसलं नसतं. जाड रंगावर कधी दिसलं नाही. "काका, या पंच्यात जळगावपासून धुळ्यापर्यंतचा अख्खा रस्ता बसलाय! एसटीची खिडकी पुसली का याने?" सगळे हसले. मुक्ताईनगरवाला तर टायरवर बसून हसला. खिडकी मी पुसली होती, हे मी सांगितलं नाही.

मग बाई हसता हसता थांबली. पंच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाली, "काका, ते पंचावाले वडील तुम्हीच ना?"

"कोणते पंचावाले?"

"तुमचा मुलगा वर्षभर फोन करायचा मला. एकदा विचारत होता, ताई, काळ्या रंगावर कापडाचे बारीक ओरखडे पडले तर कमीत कमी घासून कसे काढायचे? मी म्हटलं, अरे, पडूच कशाला देतो? तर म्हणाला, वडील शेवटचा हात पंच्याने मारतात. आजोबांची रीत आहे. ते राहू द्या ताई, मी मागून काढून घेईन. मी म्हटलं, सांग ना त्यांना सरळ. तर म्हणे, सांगायचं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

आबा, गाडी तयार झाली, मी पंचा फिरवला, की तो म्हणायचा, "बाबा, एक चक्कर मारून आणतो, ब्रेक बघतो." जायचा असोद्याच्या रस्त्याने आणि चांगला अर्ध्या तासाने यायचा. मी ओरडायचो, रंगाच्या कामात ब्रेक कसले बघतोस, गिऱ्हाइकाच्या गाडीत हुंदडायची हौस दुसरं काय! तो किल्ली बोटावर फिरवत हसायचा. मागच्या सीटवर नेहमी एक बारकी पिशवी असायची. मी कधी उघडून पाहिली नाही.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं असेल, म्हातारा आता रडेल. मलाही वाटलं, आता येईल काहीतरी. थोडा वेळ थांबलोसुद्धा. मग मी तिला विचारलं, "हे काढायला पॅड कोणता लावू?" तिने पिवळा पॅड काढून दिला. ओरखडे मीच काढले. मागे उभी राहून ती एवढंच म्हणाली, "हळू काका. जेवढं काढावं लागेल तेवढंच काढायचं. गेलेला थर परत चढत नाही."

घरी आल्यावर सूनबाईने पाणी दिलं. "जमलं?"

"जमलं." मग म्हणालो, "तो माझ्या मागून गाड्या पुसायचा. तुला ठाऊक होतं?"

ती तांब्या घेऊन उभीच राहिली. "ती मऊ कापडं मीच धुवायची ना, बाबा. तो म्हणायचा, म्हाताऱ्याला बोलशील तर बघ." म्हाताऱ्याला म्हणताना ती हसली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी पाणी प्यायलो.

काल सकाळी ताडपत्री काढली. गाडी धुतली. पोराच्या बाजूवर कागद पसरून कडेने नवी टेप लावली, एक थेंबही तिकडे जायला नको. पंचा मात्र घरातच खुंटीला राहू दिला. खांदा उघडा उघडा वाटत होता. मशीनच्या मुठीवर त्याने जुनी सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, हात घसरू नये म्हणून. माझा हात तिथे नीट बसला. डावी बाजू करायला दुपार झाली. सूनबाई दोनदा चहा घेऊन आली, दोन्ही वेळा कप ठेवला आणि दाराशी थांबून बघत राहिली. मग मी कागद काढला, टेप सोलली, मऊ कापडाने पुसलं आणि दिवा धरला.

सांधा दिसला नाही, आबा. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, खाली बसून बघितलं. पिशवीत हात घालून, डोळे मिटून या कडेपासून त्या कडेपर्यंत नेला. हात कुठेच अडला नाही. तुम्ही म्हणायचात, सांधा सापडला नाही म्हणजे काम झालं. झालं काम. कुठली बाजू त्याची आणि कुठली माझी, हे मला ठाऊक आहे म्हणून ठाऊक. हाताला विचारलं तर हात सांगू शकत नाही. मला वाटलं होतं, एवढं झालं की छातीवरचा धोंडा हलेल. आणि मनाच्या कोपऱ्यात वाटलं होतं, माझी बाजू जरा कमीच होईल, म्हाताऱ्याच्या हाताची, आणि त्याची उठून दिसेल. दोन्ही झालं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आज सकाळी गाडीच्या मालकाचा फोन होता. "भाऊ, सहज विचारतो, झाली का?" मी म्हणालो, अजून दोन दिवस लागतील. सूनबाई समोर भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.