सातांपैकी सहा फ्रेंच नाणी

मी, नाथाजी दादू निकम, वय ७६, पूर्वीचा धंदा गलाई, राहणार विटा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण याबाबत घरात दुमत आहे.

१. राहतं घर पत्नी बनुबाई हिचं, तिच्यामागे मुलगी पूजा हिचं. बँकेतली ठेव दोघींनी निम्मी निम्मी घ्यावी.

२. भट्टी, मुशी, सांडशी गलाईसाठी परमुलखात निघालेल्या कोणाही गाववाल्याला द्याव्यात. शोभेला मांडून ठेवू नयेत.

३. थोरले बंधू लालासाहेब, म्हणजे आमचे दादा, आणि मी चाळीस वर्षं पाँडिचेरीत मोडीचं सोनं वितळवून शुद्ध करून दिलं. तिथल्या जुन्या घरांतून वीस फ्रँकची सोन्याची नाणी यायची. शेकड्यांनी मुशीत टाकली. १९८१ साली एकावर वर्षाच्या जागी नुसता १२ दिसला आणि हात थांबला. राज्यक्रांतीनंतर फ्रेंचांनी वर्षं नव्यानं मोजली, त्यातलं हे बारावं, म्हणजे १८०३-०४, असं शेजारच्या मास्तरांनी सांगितलं. तिथून वेड लागलं. नेपोलियनच्या काळातली सात जमवली. त्यातली सहा मी तेजाबात घालून लख्ख केली. पुण्याच्या जाणकारानं कपाळाला हात लावला. जुनेपणच धुऊन टाकलं म्हणाला. गलाईवाल्याला कळकट सोनं बघवत नाही, त्याला काय करणार! बाराचं तेवढं वाचलं.

४. तेही आता नाही. २००५ साली पूजाच्या लग्नाआधी आठ दिवस मी दवाखान्यात होतो. मंगळसूत्राला सोनं कमी पडलं. दादांनी डबा उघडला आणि सगळ्यांत मळकट म्हणून नेमकं तेच वितळवलं. मी बोलणं तोडलं. वीस वर्षं एका गल्लीत राहून तोंड फिरवलं. पोरीच्या गळ्याकडे पाहिलं की मला नाणंच आठवायचं. याची मला लाज वाटते. चूक माझी आहे.

५. पाच नाणी पूजाला. १८११ सालचं एक दादांना.

६. वरचं कलम लिहून झाल्यावर वकिलांनी दुसरा साक्षीदार विचारला. माझ्या तोंडून दादांचं नाव गेलं. वकील म्हणाले, साक्षीदाराला वाटा देऊ नये, उद्या कोणी बोट दाखवेल. दोन्हींतलं काय हवं, ते दादांनाच विचारायला पूजाला पाठवलं. दादा काठी टेकत आले, सगळं वाचून घेतलं.

"नाणं ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. लय उशीर केलास रं नाथा."

"व्हय दादा. चुकलं माझं."

"सही कुठं करायची, तेवढं दाव."

सबब कलम ५ मधला दादांचा वाटा रद्द. सहाही नाणी पूजाची.

ठिकाण : विटा
तारीख : १४ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार : नाथाजी दादू निकम (सही)

साक्षीदार :
१. बिराप्पा सिदू हाके, शेजारी (सही)
२. लालासाहेब दादू निकम, सख्खा भाऊ (सही)