जावेने दिलेलं बी

१५ सप्टेंबर, रविवार
आसावरी आली होती! चार वर्षांत पहिल्यांदा. सासूबाईंच्या तेराव्याला मनोजभाऊजी "या घरात, गच्चीत माझा अर्धा हिस्सा आहे" असं ओरडून गेले, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. आणि आज माझी धाकटी जाऊ दारात. हातात वहीच्या कागदाच्या तीन पुड्या — टोमॅटोचं बी!
"वहिनी, हे बारके असतात, बोराएवढे. एकदम गोड. नारपोलीत आमच्या खिडकीला ऊन नाही. तुमच्याकडे गच्ची आहे."
गच्ची. आलाच शब्द तोंडात.

१६ सप्टेंबर
हे म्हणतात, "प्रमोदिनी, बी आहे ते, बॉम्ब नाही." मनोजभाऊजी ह्यांचा धाकटा भाऊ ना, त्याचा डाव दिसणार कसा!
पुड्यांवर तिचं अक्षर — लाल लांबट, पिवळा गोल, चॉकलेटी. ह्यांना बाजारातला आंबट टोमॅटो सोसत नाही, तेव्हा गोड असेल तोच लावायचा. पण गोड कुठला? तिच्यावर विश्वास ठेवून? शेवटी तिन्ही लावले, चहाच्या कागदी कपांत.

२३ सप्टेंबर
पिवळ्याचे सगळे उगवले. लालचे चार. चॉकलेटी एकच.

१३ ऑक्टोबर, रविवार
परत आली. रंगाच्या जुन्या डब्यांना भोकं पाडली, शेणखत-माती कालवली, रोपं लावली. अर्धा दांडा मातीत पुरायचा म्हणे, मुळं जास्त फुटतात. हात चालतो तिचा, खोटं कशाला बोलू.
पण काम झाल्यावर बाई गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. टाकीमागच्या अडगळीच्या खोलीचं दार ढकललं, आत डोकावली.
"वहिनी, इथं नळ आहे का? कडी आतून लागते?"
टोमॅटोला कडी कशाला लागते?
मनोजभाऊजींनीच पाठवलंय. मापं घ्यायला!

१४ ऑक्टोबर
खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे.

१७ नोव्हेंबर, रविवार
फुलं आली, पिवळी चांदणीसारखी. आसावरीने झाडं यंत्रमागावरच्या कापडाच्या चिंध्यांनी काठीला बांधली, मधले कोंब खुडले. जाताना हळूच म्हणाली, "ह्यांना कळू देऊ नका हं, मी येते ते."
वा! म्हणजे मला वाटावं, नवरा यात नाही. असल्या युक्त्या मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं पाहिल्यात.
कुलूपही तिने पाहिलं. तोंड उतरलं.

८ डिसेंबर
तिचा फोन. कुजबुजतच बोलते. "फळ रंगायला लागलं की पाणी कमी करा वहिनी, गोडी चढते." आणि फोन कट!
ऐन फळात झाडं तहानेने मारायची? मी दुप्पट पाणी घातलं.

१६ डिसेंबर, सोमवार
फळं तडकली! लाल पाणचट. आणि पिवळ्याच्या पुडीतून काय निघालं — लाल, आंबटढाण! फसवलं मला.
दोन्ही फळं डब्यात घालून खारबावला दामूच्या नर्सरीत गेले. ह्यांच्या ओळखीचा माणूस. त्याने एक चावून बघितला.
"काकू, पानी जास्त झालंय. त्यानं फळ तडकतं, गोडी जाते."
"आणि पिवळ्याचा लाल कसा झाला?"
"हायब्रीड फळातलं बी दिसतंय. त्याचं पोर बापावर जाईल का आजीवर, सांगता येत न्हाय. देनारीचा दोष न्हाय. कोनी दिलं?"
"जावेने."
"नीट जपलेलं बी हाय. न्हायतर येवढं उगवतं का?"
परतताना रिक्षात तडकलेली फळं पुन्हा उघडून पाहिली. पाण्याचं तिचं खरं होतं. मग बाकीचं?

१७ डिसेंबर
पाणी कमी केलं.

२९ डिसेंबर, रविवार
लाल गोड झाले! चॉकलेटी तर त्याहून. आसावरी आली, तिच्या हातावर चार ठेवले. डोळे मिटून खाल्ले तिने. मला राहवेना.
"आता सरळ सांग. खोली बघायला येतेस ना? हिस्सा पाहिजे ना तुम्हाला?"
तिने ब्लाउजची बाही वर केली. दंडावर काळेनिळे वळ. काही जुने, पिवळे पडलेले.
"हिस्सा नको वहिनी. राहायला जागा पाहिजे."
मी तिचा दंड हातात घेऊन बघितला.
"सासूबाई मध्ये पडायच्या. त्या गेल्या, मग अडवणारं कुणी राहिलं नाही. तुमच्याशी बोलायचं नाही, अशी ताकीद. तरी ते बाहेर असले की मी यायचे. दर वेळी ठरवायचे, आज सांगीन. तुमचा चेहरा बघितला की धीर व्हायचा नाही."
माझा चेहरा!
"मग बी कशाला आणलंस?"
"रिकाम्या हाताने काय म्हणून येणार होते?"
चार महिने माझ्या दारात उभी होती बाई. आणि मी कुलूप घातलं.

३० डिसेंबर
ह्यांना सगळं सांगितलं. जेवले नाहीत. दुपारी किल्ली मागून घेतली, वर गेले आणि एकट्याने सगळी अडगळ काढली. मी पाणी घेऊन गेले तर केरसुणी हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते. "माझा भाऊ," एवढंच म्हणाले.

२ जानेवारी, गुरुवार
सकाळी मनोजभाऊजींचा फोन. आवाज अगदी मऊ. "वहिनी, आसावरी तिकडे आलीय का?"
"आमच्याकडे? चार वर्षांत तुमच्यातलं कुणी फिरकलंय का इथं?"
वर गच्चीत, त्या खोलीच्या दारात आसावरी न्हाऊन केस वाळवत बसली होती.