एका किल्लीचे अकरा उद्योग

दि. १२ एप्रिल १९७८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकान मिळालं. चार मजली इमारतीच्या जिन्याखाली आहे, लांबीला सहा फूट आणि उंचीला माझ्यापेक्षा दोन बोटं कमी. दिवसातून दहा वेळा डोकं आपटतं. माझी मान कधी खाली जाणार नाही असं तू म्हणायचीस, आता बघायला ये. बाहेर किल्लीच्या आकाराची पत्र्याची पाटी टांगली आहे. तिच्यावरचा मजकूर इथल्या भाषेत मी स्वतः रंगवला, त्यामुळे तो कोणालाच वाचता येत नाही, पण किल्ली ओळखू येते.

निघताना तुझ्याशी बोललो नाही, ते आता लिहितो. बाबांनी स्वतःची कानस तुझ्या हातात दिली आणि मला कुलपांना तेल घालायला बसवलं, याचा मला राग आला होता. राग खरा होता, पण बाबांचं बरोबर होतं. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला घरापासून इतक्या लांब यावं लागलं. समोर असतीस तर आताही लिहिलं नसतं.

कुलपं मीच बनवतो, दाराला बसवून देतो, किल्ल्या सोबत. दुकानात दोन स्टुलं मावतात. ही म्हणते, ताईंना बोलवा. मीही म्हणतो. फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला वाजतं, म्हणून पत्रच लिहीत जाऊ.

लोभ आहे तेवढा ठेव, वाढवायची घाई नाही.

तुझा,
चिमटा


दि. २ जून १९७८

चि. चिमट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं कबुलीपत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनी मागितलं नव्हतं, मलाच ऐकायचं होतं. बाबा म्हणाले, हा कुलपं बनवतो म्हणजे काय बनवतो, ह्याला तर एकच किल्ली येते. चार दात, तिसरा तोकडा. आपल्या दुकानाच्या दाराची तेवढी शिकलास आणि दुसरी शिकायच्या आत तुझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकांना वेगवेगळे दात काढून देतोस ना? हाताच्या सवयीवर विसंबू नकोस रे बाबा.

मी येत नाही. एका जिन्याखाली आपण दोघं बसलो तर वरचे चारही मजले रिकामे होतील. त्यापेक्षा आत्याचे दोन्ही मुलगे पाठवते. थोरला जाड्या खातो आणि धाकटा रड्या तक्रार करतो, याखेरीज दोघांना सध्या उद्योग नाही. कामाला लाव, आत्या दुवा देईल.

तुझ्या बायकोला सांग, मी तिच्यावर रागावलेली नाही. ती यादी छोटी आहे आणि तिच्यात तूच आहेस.

कळावे. चिमटे काढायची खोड गेली असली तर तसं कळवावं.

ताई


दि. ९ सप्टेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी दर वेळी तुला बोलावतो आणि तू दर वेळी दुसऱ्याच कोणाला तरी पाठवतेस. त्याचा परिणाम काय झाला ते ऐक.

जाड्या आणि रड्या एका पंख्यावरून भांडले. सहा महिने एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते, तेही समोरासमोर बसून. शेवटी रड्याला वेगळी लाँड्री काढून दिली. लाँड्रीचे कपडे पोचवायला गाडी लागली, तर जाड्या अडून बसला की गाडी माझी. झाली वाहतूक कंपनी. मग तू मावशीचा जावई पाठवलास. त्याचं या दोघांशी पटेना, म्हणून त्याला गाद्यांचा कारखाना. पाठोपाठ त्याचा भाऊ आला. त्याचं सख्ख्या भावाशी पटेना, म्हणून त्याला बेकरी. इथली माणसं मला विचारतात की पुढचा धंदा कशावरून ठरवता. मी म्हणतो, बाजाराचा अभ्यास करून. खरं म्हणजे कोण कोणाशी बोलत नाही याचा अभ्यास करून.

प्रत्येकाची अट मात्र एकच. माझ्या ऑफिसचं कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने उघडता कामा नये. आणि बाहेरच्या कुलपावर कोणाचाच विश्वास नाही, घरचंच हवं. सगळी मी करून दिली, जिन्याखाली बसून, जरा घाईतच. अजून रोज सकाळी तिथेच बसतो. दुसऱ्या स्टुलावर कोणाला बसू देत नाही.

लोभ पाठव, माणसं आता पुरेत.

तुझा,
चिमटा


दि. १८ नोव्हेंबर १९९४

चि. चिमट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल बाबांना जाऊन वर्ष झालं. ते गेले तेव्हा तू आला नाहीस. त्या आठवड्यात तुझ्या कुठल्याशा कारखान्याचं उद्घाटन होतं. मी तुझ्यावर फार रागावले होते. अजून थोडी आहे, तेवढा राग मला लागतो, चहात साखर लागते तसा.

दुकान चालू आहे. सकाळी बाबांच्या किल्लीने दार उघडते, बाबांच्या कानशीने काम करते. तू बसायचास त्या स्टुलावर डबा ठेवते. तू सारखा ये ये म्हणतोस, म्हणून आज खरं ते सांगते. मी भांडणाला भीत नाही, ते आपल्याला येतं. मला भीती सोफ्याची आहे. मी आले की तुझी माणसं मला सोफ्यावर बसवतील, सरबत देतील आणि दर अर्ध्या तासाने विचारतील की ताई, काही हवं का. मला नुसतं बसायचं नाही, कामाला बसायचं आहे. तसं बोलावणं तुझ्याकडून आजवर आलेलं नाही.

तोवर जावयाचा मेहुणा पाठवते. स्वभावाने गरीब आहे. बेकरीवाल्याशी मात्र बोलत नाही.

आशीर्वाद आहेतच, ते रागातून वगळलेले आहेत.

ताई


दि. ५ ऑगस्ट २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोंब झाली आहे. तू पाठवलेल्या माणसांपायी कंपन्या आता अकरा झाल्या आणि त्यांचा सगळा कारभार माझ्या मुलीने हातात घेतला आहे, हे तुला माहीत आहे. तिने एक सल्लागार आणला. बारीक चष्मा, बारीक आवाज, पण प्रश्न जाड. त्याने विचारलं, तुमच्या लाँड्रीत पावाची भट्टी कशासाठी? बेकरीत गाद्या का शिवतात? गाद्यांच्या कारखान्याच्या स्वतःच्या वीस मालमोटारी का आहेत? सगळेजण खिडकीबाहेर बघू लागले. मीही बघितलं, मलाही माहीत नव्हतं.

मुलगी म्हणाली, अकराही कंपन्या एका इमारतीत आणायच्या. सामान हलवायला प्रत्येकाने आपल्या ऑफिसची किल्ली एका ताटात ठेवली. हमालाने न बघता एक उचलली आणि त्या एकाच किल्लीने पहिलं दार उघडलं. मग दुसरं उघडलं. मग तिसरं. अकराव्या दारापाशी तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि किल्ली माझ्या हातात आणून दिली. चार दात, तिसरा तोकडा.

बाबांचं बरोबर होतं. गिऱ्हाइकांची कुलपं मी कागदावर आखून करायचो. घरच्यांची डोक्याला ताप म्हणून केली आणि हात एकाच वळणाने गेला.

मी म्हटलं, आता मार खाणार. पण कोणाला धक्का बसलेलाच दिसेना. आधी रड्या रडला, मग एकेक करून सगळ्यांनी कबुली दिली. प्रत्येकाला वीस वर्षांपासून माहीत होतं, आणि आपल्या एकट्यालाच माहीत आहे अशी प्रत्येकाची समजूत होती. दर रविवारी एकजण दुसऱ्याचं दार उघडून तो काय करतोय ते बघून यायचा आणि सोमवारी स्वतःही तेच सुरू करायचा. सल्लागाराने चष्मा काढून पुसला. आमचा उद्योगसमूह असा वाढला, ताई. बाहेर पडताना मात्र सगळे दार नीट लावून घ्यायचे, एवढे संस्कार आहेत.

आता मुद्द्याचं. मुलीला जिन्याखालचं दुकान बंद करायचं आहे. तिचंही चुकत नाही. माझा हात थरथरतो. गेल्या महिन्यात मी केलेल्या किल्लीपायी एक बाई स्वतःच्या घराबाहेर दोन तास उभ्या होत्या. येत्या २८ तारखेला, सकाळी अकराला बैठक आहे, तिथे मी सही करायची आणि दुकान संपलं. बाकीच्या अकरांचं काही झालं तरी मी जेवेन. हे गेलं तर सकाळी उठून कुठे जाऊ, ते मला कळत नाही.

बाबांच्या वेळी मी आलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, उद्घाटनाचं निमित्त केलं. त्याची लाज अजून वाटते.

यावेळी कोणाला पाठवू नकोस. तू ये. पाहुणी म्हणून नाही. कानस घेऊन ये, मला कामाला माणूस हवं आहे.

लोभ असावा, आणि असला तर तो विमानात बसावा.

तुझा,
चिमटा


दि. २८ ऑगस्ट २००९, सकाळचे साडेदहा

चि. चिमट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टाने नाही, तुझ्या मुलीच्या ड्रायव्हरच्या हाती बैठकीत येत आहे. तिला मी आठ दिवसांपूर्वीच कळवलं होतं आणि तुला सांगू नकोस अशी ताकीद दिली होती. पोरगी गुणाची आहे, तोंड बंद ठेवते. हे तिच्यात कुठून आलं कोण जाणे. तिने मला आज सकाळी जिन्यापाशी सोडलं आणि दुकानाची किल्ली देऊ लागली. मी घेतली नाही.

पिशवीत बाबांची किल्ली होती. आपल्या दुकानाची. ती तुझ्या कुलपात घातली आणि फिरवली. जरा हिसका द्यावा लागला, कारण तिसरा दात तू अजूनही जास्त घासतोस. पण दार उघडलं. मी बराच वेळ उंबऱ्यातच उभी होते, रडले, मग आत शिरताना डोकं आपटलं.

आता बाकड्याशी बसून लिहिते आहे. दोन्ही स्टुलं आहेत, एकावर धूळ आहे. ती तू आल्यावर पूस. तुझ्या कानशी पार बोथट झाल्या आहेत, हाताला उगाच दोष देतोस. एक बाई येऊन किल्ली करून घेऊनही गेल्या. त्यांना मी नवीन दिसले म्हणून विचारत होत्या की तुम्ही कोण. तुझ्या मुलीने इथल्या भाषेतली चार वाक्यं मला शिकवली होती, त्यात हे उत्तर होतं. मी म्हटलं, मालकांची थोरली बहीण, त्यांना दुसरी किल्ली शिकवायला आले आहे.

सही करू नकोस, ये. लोभ आहेच, तू फक्त बाकड्यावरचा पसारा जरा सरकव.

ताई